पाच, फार तर सहा

कार्यालयाला दारं चार होती. पुढचं मोठं, केळीचे खांब बांधलेलं. डाव्या हाताचं, जेवणाच्या हॉलकडे जाणारं. स्टेजमागचं, भांडी घासायच्या जागेत उघडणारं. आणि वरपक्षाच्या खोलीशेजारचं चौथं, ज्याला कुलूप होतं. त्याची किल्ली कुणाकडे असते असं मी तिथल्या मॅनेजरला विचारलं, तेव्हा त्याचा समज झाला की मी नगरपालिकेकडून तपासणीला आलोय. त्याने मला अदबीने जिन्याखाली नेलं आणि वाळूच्या तीन लाल बादल्या दाखवल्या. एकीत वाळू होती.

"झाली मोजून?" मागून माझी बायको नीलिमा म्हणाली.

"चार. पण एकाला कुलूप आहे."

"आणि शलाका कुठल्या दाराने मंडपात येणार?"

"ते नाही विचारलं."

"तिला घेऊन यायचंय तुम्हाला. तेवढं एक विचारून ठेवलंत तर बरं."

ही मे २००९ मधली गोष्ट. गाव चिपळूण, सकाळचे साडेदहा, मुहूर्त अकरा बेचाळीसचा. शलाका म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक मुलगी. तिचे वडील, आमचे विलासदाजी, अकरा वर्षांपूर्वी वारले होते. मी तिचा सख्खा मामा, तोही एकच. आमच्यात मामाने नवरीला खोलीतून आणून अंतरपाटासमोर उभं करायचं आणि अंतरपाट खाली येईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. या कामासाठी अंगात काही गुण असावा लागत नाही. पाय असले की पुरे.

माझी अडचण नेमकी तिथेच होती. त्याआधीची तेरा वर्षं मी कुठेही शेवटपर्यंत उभा राहिलो नव्हतो. बँकेच्या रांगेत माझा नंबर लागायचा तेव्हा मी घरी पोचलेला असे. न्हाव्याच्या खुर्चीतून मी अर्ध्या दाढीनिशी उठून गेलो होतो, ते आमच्या कऱ्हाडात अजून सांगतात. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं, म्हणून तेवढं जमायचं. कुठे अडकल्यासारखं वाटलं की छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घसा बंद, आणि आता आपण मरणार अशी पक्की खात्री. घरात माझे सव्वीस ईसीजी होते. सगळे नॉर्मल. सत्ताविसावा काढायला गेलो तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी मशीन लावायलाच नकार दिला आणि चिठ्ठीवर डॉक्टर सरनोबतांचा पत्ता लिहून दिला. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या.

"मी वेडा नाही," मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं.

"बरं. झटका आला की काय करता?"

"बाहेर जातो."

"आणि नाही गेलात तर?"

"मरेन."

"कधी न जाता पाहिलंय?"

"नाही."

"म्हणजे तेरा वर्षांत एकही निरीक्षण नाही, आणि निष्कर्ष मात्र काढून ठेवलाय. कॉलेजात काय शिकवता?"

"संख्याशास्त्र."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे चढतं तसं उतरतं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पण उतरताना ते पाहायला तिथे कुणीतरी असावं लागतं. तुम्ही कधीच नसता."

त्यांनी गोळ्या दिल्या आणि बावीस पायऱ्यांची एक यादी करून दिली. न्हाव्याच्या खुर्चीपासून सुरुवात होती. मध्ये कुठेतरी वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर, आतल्या कोपऱ्यात बसून ओगलेवाडीपर्यंत जाणं होतं. बाविसावी पायरी चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट. चौदा महिन्यांत मी एकवीस पायऱ्या चढलो आणि बाविसावी लग्नाच्या आदल्या दिवशी उतरलो. घाटभर नीलिमाने माझ्या आईच्या स्वभावावरून भांडण काढलं, त्यामुळे वेळ बरा गेला.

लग्नात उभं राहणं मात्र यादीत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "किती मिनिटं उभं राहायचं असतं?" मला माहीत नव्हतं. लग्नाला मी नेहमी जेवायच्या वेळी पोचायचो. म्हणून मी चिपळूणच्या लेले गुरुजींना फोन लावला.

"मंगलाष्टकं किती म्हणणार आपण?"

"पाच. फार तर सहा. तुम्हाला म्हणायचंय का?"

"नाही. मला उभं राहायचंय."

"मग राहा की उभे. त्याला माझी परवानगी कशाला?"

एक मंगलाष्टक दीड मिनिट. सहा दीडे नऊ. आम्ही घरी नऊ मिनिटांचा सराव केला. नीलिमाने इस्त्रीच्या टेबलावर एक लोड उभा केला, त्याला जुनी जरीची साडी गुंडाळली, आणि मी त्या लोडाच्या मागे रोज संध्याकाळी नऊ मिनिटं उभा राहू लागलो. टेपवर मंगलाष्टकं लावलेली असायची. शेजारचे देसाई एकदा साखर मागायला आले आणि न मागताच परत गेले.

तर साडेदहाला दारं मोजून मी वधूपक्षाच्या खोलीकडे निघालो, आणि वाटेत मला नंदू दिसला. नंदकुमार माझा चुलतभाऊ, साताऱ्याला विमा एजंट. त्याच्या डोक्यावर फेटा होता. अगदी माझ्यासारखाच, त्याच रंगाचा.

"नंदू, फेटा कसा काय?"

"अक्का म्हणाली, बांधून ठेव. असलेला बरा."

"कशाला असलेला बरा?"

नंदूने शेजारच्या खांबाकडे पाहिलं. विमा एजंटला उत्तर सुचू नये अशी वेळ मी एकदाच पाहिली, ती ही.

अक्का हातात अक्षतांचं ताट घेऊन चालली होती. मला पाहून तिने ताट नीलिमाकडे दिलं आणि मला खिडकीपाशी ओढलं.

"दिगू, रागावू नको. नंदूला तयार राहायला मीच सांगितलंय. तुला तिथे काही झालं तर..."

"मला काही होत नाही, अक्का. सव्वीस ईसीजी काढलेत."

"तेच म्हणते मी. होत काही नाही आणि तू जातोस निघून."

मी खिडकीचा गज धरला.

"ऐक," ती म्हणाली. "जायचं असलं तर आधी जा. आत्ता सांग, नंदू उभा राहील, कुणी काही विचारणार नाही. पण मध्येच जाऊ नको. अंतरपाट धरलाय आणि पोरीच्या पाठीमागची जागा मोकळी, असं नको दिसायला. तिला बाप नाही हे सगळ्यांना माहितीय. मामाही टिकला नाही, हे त्यांच्या हातात देऊ नको."

"मी थांबणार आहे."

"तू दर वेळी हेच म्हणतोस रे." ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या सदऱ्याची वरची गुंडी नीट केली. "अकरा तीसला सांग मला. काय ते नक्की."

अकरा वीसला मी शलाकाच्या खोलीत गेलो. ती पिवळ्या साडीत पाटावर बसली होती आणि एक मैत्रीण तिच्या केसांत पिना खोचत होती.

"या मामा," शलाका म्हणाली. "चेहरा असा काय, तोंडी परीक्षेला आल्यासारखा?"

"उकडतंय फार."

"चिपळूण आहे. उकडणारच."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिला ते कळलं आणि पिना ठेवून ती बाहेर गेली.

"शलाका, नंदूमामा पण आलाय. फेटा बांधून. तुला चालत असेल तर तो..."

"पाहिलं मी. त्यांना सांगितलंय, जेवल्याशिवाय जाऊ नका."

"तसं नाही. उभं राहायला म्हणतोय."

"उभे तुम्ही राहणार."

"पण समजा मला..."

"मला तुम्हीच हवे आहात मामा."

"का पण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. वयाच्या चोविसाव्या वर्षीही तिची नजर तेरा वर्षांच्या मुलीसारखी होती, न हलणारी. मला ती नजर फार वेळ झेपत नसे.

"ही डावीकडची मुंडावळी खाली आलीय," ती म्हणाली. "जरा वर करा."

मी मुंडावळी वर केली. तशी उजवीकडची खाली आली. अकरा तीसला अक्काने दारातून फक्त भुवया उंचावल्या. मी मान हलवली. ती हो होती की नाही हे तिला कळलं नसावं, कारण ती नंदूला शोधायला गेली.

अकरा तेहतीसला आम्ही उभे राहिलो. पुढे अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पलीकडे नवरा मुलगा, निनाद, त्याच्या मागे त्याचा मामा, जो म्हशीसारखा शांत होता. अलीकडे शलाका, तिच्या मागे मी, उजवा हात तिच्या खांद्यावर. माझ्या मागे नंदू. नंदूच्या मागे करवल्या, मग आत्या, मावश्या, मग खुर्च्या आणि खुर्च्यांतले तीनशे लोक. सगळ्यात जवळचं दार स्टेजमागचं, पण त्याच्या वाटेत व्हिडिओवाल्याने दिव्याचा स्टँड रोवला होता. तो दिवा माझ्या डाव्या गालावर होता. गालाची पोळी भाजत होती.

"मी आहे हो," नंदू माझ्या मानेत म्हणाला.

गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. ते संपलं की तीनशे माणसं एका सुरात म्हणतात, सावधान. भित्र्या माणसाला भर सभेत, माईकवरून, असा सल्ला देऊ नये. आणि सल्ला देऊन वर तांदूळ फेकून मारतात.

पहिलं झालं. दुसरं झालं. घरच्या लोडापेक्षा शलाकाचा खांदा बराच बरा होता, तो श्वास घेत होता. अकरा सदतीसला, तिसऱ्याच्या मध्यावर, तो आला.

तो आधी बोटांत येतो. उजव्या हाताची करंगळी झोपली, मग तिच्या शेजारची. मग छातीत कुणीतरी खुर्ची ओढल्यासारखं झालं. फेटा घट्ट होत होता. मी स्वतःला सांगितलं, पाच मिनिटं राहिली. चौथं. घसा कोरडा. पाचवं. श्वास आत जात होता पण उपयोगाला येत नव्हता. सहावं. घड्याळात अकरा बेचाळीस. गुरुजींनी शेवटचा सूर ओढला, अक्षता पडल्या, आणि मी डाव्या पायावरचं वजन उजव्यावर घेतलं. निघायच्या तयारीने.

"आता घरच्या मंडळींपैकी कुणाला म्हणायचं असेल तर या," गुरुजी म्हणाले.

निनादची शकूआत्या पुढे आली. तिच्या हातात वही होती. दोनशे पानी.

संख्याशास्त्रात एक चूक असते, ती पहिल्या वर्षाच्या मुलांनाही करू देत नाहीत. नमुना एका माणसाकडून घ्यायचा नाही. मी गुरुजींना विचारलं होतं. वराच्या आत्यांना विचारलं नव्हतं.

"मुहूर्त?" मी शलाकाच्या डोक्यावरून गुरुजींना विचारलं.

"बाराच्या पुढेपर्यंत चांगलाच आहे," गुरुजी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

शकूआत्याच्या मंगलाष्टकात निनादचे आजोबा, पणजोबा, कुलदैवत, दहावीची टक्केवारी आणि पतपेढीतली नोकरी, असं सगळं वृत्तात बसवलेलं होतं. जिथे बसत नव्हतं तिथे तिने ते दाबून बसवलं होतं. सावधान. ते संपलं तर तिने पान उलटलं, दुसरं होतं, त्यात मुलीकडची नावं होती. सावधान. तिच्या मागे धाकटी आत्या उभी होती. तिच्या मागे काकू. काकूच्या मागे एक निवृत्त मुख्याध्यापक, ते कोण होते हे कुणालाच नंतर सांगता आलं नाही.

अकरा सत्तेचाळीस. मला आता कडेचं काही दिसत नव्हतं. मधोमध स्वस्तिक, आणि भोवती राखाडी. पाय माझे नव्हते. हृदय इतक्या जोरात चाललं होतं की ते माईकमध्ये ऐकू जाईल असं वाटत होतं. यानंतर काय असतं ते मला माहीत नव्हतं. इथपर्यंत मी कधी आलोच नव्हतो. इथे येण्याच्या कितीतरी आधी मी नेहमी रस्त्यावर असायचो. मला एवढंच कळत होतं की मी आता पडणार, शलाकाच्या अंगावर पडणार, अंतरपाट फाटणार, आणि चिपळुणात पुढची पन्नास वर्षं हे सांगतील.

"मी घेऊ का जागा?" नंदूचा हात माझ्या दंडावर आला. "दिगंबर? सरक तू. कुणाला कळणार नाही."

मी एक पाऊल मागे घेतलं. खरंच घेतलं, ते व्हिडिओत आहे. शलाकाच्या खांद्यावर फक्त बोटांची टोकं उरली.

तिने मान वळवली नाही. नवरीने वळवायची नसते. धाकटी आत्या माईकवर होती, त्यामुळे शलाका काय बोलते ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"मामा, जायचंय का?"

"नाही."

"जायचं असलं तर जा. मी कुणाला काही सांगणार नाही." सावधान. अक्षता आमच्या दोघांच्या अंगावर पडल्या. मग ती म्हणाली, "त्या वेळीही नव्हतं सांगितलं."

"कुठल्या वेळी?"

"गाडीत बसला होतात ना. दवाखान्याखाली."

काकूने माईक हातात घेतला आणि त्यावर दोनदा फुंकर मारली.

दाजी गेले त्या दिवशी ते आणि शलाका कऱ्हाडला आमच्याकडे आले होते, तिच्या शाळेची पुस्तकं घ्यायला. अक्का पाटणला होती, नीलिमा शाळेत शिकवायला. दुपारी दाजींच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना गाडीत घातलं, शलाकाला मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. दोघांना दारात उतरवलं. दाजींना स्ट्रेचरवर घेतलं. शलाका तेरा वर्षांची होती, तिच्या हातात दाजींच्या चपला होत्या. मी म्हणालो, "तू हो पुढे, मी गाडी लावून येतो."

गाडी मी लावली. मग मला उतरता येईना. दवाखान्याचं दार वीस पावलांवर होतं. मी एक तास चाळीस मिनिटं गाडीत बसून होतो, काचा वर करून, स्टिअरिंग धरून. वर गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि शलाका बाकावर बसली होती, चपला मांडीवर घेऊन. मी सगळ्यांना सांगितलं, गाडी लावायला जागाच मिळेना, तीन चकरा मारल्या. अक्काला सांगितलं, नीलिमाला सांगितलं. लोकांनी कऱ्हाडच्या वाहतुकीला शिव्या दिल्या. अकरा वर्षं ते चाललं.

"तुला कसं..." मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तिला आला.

"वरच्या मजल्यावर खिडकी होती. गाडी दोनदा मागे घेतलीत. परत तिथेच लावलीत."

काकूची पहिली ओळ संपली. नंदूने माझा दंड जरा ओढला.

आत्ताही जाता येत होतं. जाणं सोपं होतं, तिने तशी मोकळीक दिली होती, आणि ती खरी होती. शलाका टोमणा मारत नव्हती. तिने ते एखाद्याला छत्री द्यावी तसं दिलं होतं. मी जर गेलो असतो तर ती पुढच्या अकरा वर्षांतही कुणाला काही बोलली नसती, आणि तेच मला सोसलं नसतं.

"नंदू," मी म्हणालो, "हात काढ."

"अरे पण तू पांढरा पडलायस."

"पडू दे."

मी पाऊल पुढे घेतलं आणि दोन्ही हात शलाकाच्या खांद्यांवर ठेवले. मग मी मरायची वाट पाहू लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बोटं झोपली होती, झोपू दिली. घसा बंद होता, असू दिला. छातीला सांगितलं, फूट. काकूनंतर मुख्याध्यापक आले. त्यांनी आधी दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली आणि घेतलीही. त्यांचे दोन शब्द चालले असताना एकदा मला जमीन खरोखर तिरकी झालेली दिसली, स्वस्तिक फिरलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, हेच ते.

ते नव्हतं. जमीन परत सरळ झाली. मुख्याध्यापक म्हणायला लागले. त्यांच्या तिसऱ्या ओळीत एक अक्षर कमी होतं. चौथ्या ओळीत दोन जास्त. शार्दूलविक्रीडित वृत्ताची अशी अवस्था मी पाहिली नव्हती. मला ते खटकलं, आणि खटकल्यावर थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मरणारा माणूस अक्षरं मोजत नाही. करंगळीला मुंग्या आल्या, म्हणजे ती परत येत होती. दिव्याने गाल भाजत होता, पण आता तो फक्त दिवा होता. माझा सदरा पाठीपासून कंबरेपर्यंत ओला होता. घड्याळात अकरा सत्तावन्न.

"मामा," शलाका म्हणाली.

"काय?"

"खांदा दुखतोय. जरा हळू धरा."

मी पकड सैल केली. हात काढले नाहीत.

शेवटचं मंगलाष्टक गुरुजींनी बारा वाजून चार मिनिटांनी म्हटलं. एकूण सतरा झाली. अंतरपाट खाली आला, हार पडले, बँडवाल्याने एकदम सगळी वाद्यं वाजवली, आणि समोरच्या रांगेत अक्का दोन्ही हातांत अक्षता धरून तशीच उभी होती. टाकायच्या विसरली होती. ती नवरा-नवरीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. नंदूने फेटा काढून काखेत मारला. "माझी काही गरजच लागली नाही," तो म्हणाला, आणि विमा न वापरलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं.

नीलिमा गर्दीतून वाट काढत आली. तिने माझी नाडी पाहिली, सवयीने. "शहाण्णव," ती म्हणाली. मग तिने मनगट तसंच धरून ठेवलं, मोजायचं काही नसताना.

आज सोळा वर्षं झाली. झटका अजून येतो कधीकधी. सभेत येतो, लिफ्टमध्ये येतो. बसतो जरा वेळ आणि जातो. मी जात नाही.

पण त्या दिवसातलं एवढंच सांगायचं नव्हतं.

नवरा-नवरीच्या पंगतीत मामाला जागा असते. मी शलाकाच्या डाव्या हाताला बसलो. उजव्या हाताला निनाद, त्याच्याभोवती त्याचे मित्र गोळा झाले होते आणि नाव घे, नाव घे म्हणून त्याचा छळ चालला होता. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी वरण-भात कालवला आणि तसाच ठेवला.

"शलाका," मी म्हणालो, "मी त्या दिवशी..."

"माहितीय मामा."

"नाही, तुला माहितीय ते वेगळं. मी सांगायला हवं होतं. तू एकटी होतीस वर."

"एकटी नव्हते. बाबा होते." तिने मिठाचा खडा पानात कडेला सारला. "बराच वेळ होते शुद्धीवर."

मला जे विचारायचं होतं ते अकरा वर्षं मी कुणालाच विचारू शकलो नव्हतो, कारण विचारलं असतं तर गाडीचं सांगावं लागलं असतं.

"माझं काही विचारलं का त्यांनी?"

"एकदा. म्हणाले, दिगंबर कुठे राहिला? मी खिडकीतून बघून सांगितलं, गाडी लावतायत."

"मग?"

"म्हणाले, लावू दे सावकाश. त्याला घाई केली की होत नाही."

निनादच्या मित्रांत हशा झाला. त्याने कुठलंतरी यमक चुकवलं होतं. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. नको म्हणायचं राहून गेलं, म्हणून त्याने दोन वाढल्या.

पंगत उठायला लागली. पाट सरकले, पाण्याचे पेले लवंडले. मी मान खाली घालून बसलो होतो आणि पानातलं मला नीट दिसत नव्हतं. निनाद हात धुऊन आला. फोटोवाला खोळंबलाय, उन्हं उतरायच्या आत बाहेरचे फोटो घ्यायचेत, चल लवकर, असं तो शलाकाला म्हणाला.

शलाका पाटावरून हलली नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "मामांचं व्हायचंय अजून."